सुरक्षा लेबलांचा कॅशे: काय साठवायचं आणि कधी फेकायचं

गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याच्या बाजूला एका संस्थेचं रुग्णालय आहे. त्याचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या भाऊंनी विचारलं आहे: "पोस्टग्रेस डेटाबेसवर रुग्णांच्या नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीला सुरक्षा लेबल आहे: साधारण, सिकलसेल, क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आरोग्य. कोणाला काय दिसावं हे एक फंक्शन ठरवतं आणि ते दर नोंदीला लेबल शोधत बसतं. ओपीडीच्या वेळेला यादी उघडायला फार वेळ लागून राहिला. सगळी लेबलं मेमरीत ठेवून दिली तर चालेल का? की सेपजीएसक्यूएल हे पोस्टग्रेसचं सुरक्षा मॉड्यूल लावावं? उपकेंद्रावरच्या सिस्टरांकडे टॅबलेट आहेत, त्यातही हेच ठेवायचा विचार आहे."

मेमरीत ठेवणं, म्हणजे कॅशे करणं, सोपं आहे भाऊ, संध्याकाळभरात होईल. पण लेबल बदललं की मेमरीतलं जुनं कसं जाणार, हे आधी कागदावर ठरवा आणि मग कोडला हात लावा. तुमच्याकडे जुनं लेबल राहून गेलं तर एखादा आकडा चुकेल एवढ्यावर भागणार नाही. 'एएस' (सिकलसेलचा वाहक) असा रिपोर्ट नको त्याच्या नजरेला पडला की जुळत आलेलं लग्न मोडतं, हे आपल्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. एचआयव्हीच्या माहितीबद्दल तर २०१७ चा कायदाच आहे. काही अपवाद सोडले तर रुग्णाच्या संमतीशिवाय ती उघड करायला त्यात मनाई आहे, आणि सॉफ्टवेअरने जुनं लेबल वापरलं ही सबब तिथे चालायची नाही.

त्याच्याही आधी एक काम. वेळ खरंच लेबल शोधण्यात जातो का, ते मोजा. बरेचदा जात नाही. फंक्शनांची मोजणी करणारी सेटिंग चालू करा, म्हणजे कोणतं फंक्शन किती वेळा बोलावलं गेलं आणि त्यात एकूण किती वेळ गेला ते पोस्टग्रेस स्वतःच सांगतं. मग ओपीडीची तीच यादी एक्स्प्लेन ॲनालाइझ (क्वेरी कशी चालली आणि वेळ कुठे गेला ते दाखवणारी आज्ञा) लावून चालवा. चालवताना ॲप्लिकेशन ज्या रोलने (डेटाबेसच्या खात्याने) जोडलं जातं त्याच रोलने चालवा. सुपरयुजरला नोंदनिहाय धोरण (कोणती नोंद कोणाला दिसेल तो नियम) लागूच होत नाही, आणि टेबलाच्या मालकालाही 'फोर्स' केल्याशिवाय लागू होत नाही. 'पोस्टग्रेस' नावाच्या सुपरयुजरने चाचणी घेऊन "माझ्याकडे तर झटकन येतं" म्हणणारे पुष्कळ पाहिले.

आणखी एक गोष्ट तिथेच दिसेल. तुमच्या यादीत नावाने शोध आहे ना? 'मडावी' किंवा 'कोवे' टाइप केलं की लाइक (मजकुराचा काही भाग जुळवणारा ऑपरेटर) वापरून शोध होत असणार. नोंदनिहाय सुरक्षा चालू असताना पोस्टग्रेस धोरणाची अट आधी तपासतं. ज्या ऑपरेटरवर 'माहिती गळू देत नाही' असा शिक्का नाही, त्याला आधी पुढे जाऊ देत नाही. लाइकवर तो शिक्का नाही, साध्या बरोबरच्या चिन्हावर आहे. म्हणून नावावरचा इंडेक्स असूनही वापरला जात नाही, सगळं टेबल चाळलं जातं, आणि दोष लेबलांवर येतो. असं असेल तर कॅशेने काडीचाही फरक पडणार नाही. गाव आणि नोंदणी वर्ष अशा बरोबरच्या अटींनी यादी आधी लहान करा, मग नाव शोधा.

आता समजा मोजलं आणि खरंच लेबलाचं फंक्शनच दोषी निघालं. मग सेपजीएसक्यूएलचं बोलू. तुमच्या कामाला ते लागणार नाही, तरी त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे.

सेपजीएसक्यूएल हे एसईलिनक्सचे (लिनक्समधल्या सुरक्षा व्यवस्थेचे) नियम डेटाबेसच्या आत लागू करणारं मॉड्यूल. जपानच्या काइगाइ कोहेइ यांनी ते बरीच वर्षं लावून धरलं आणि २०११ च्या ९.१ आवृत्तीत ते आलं. टेबल, कॉलम, फंक्शन यांना लेबल देण्याची 'सिक्युरिटी लेबल' ही आज्ञाही त्याच आवृत्तीतली. लेबलं एका सिस्टीम कॅटलॉगमध्ये (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या अंतर्गत टेबलात) मजकूर म्हणून पडून असतात. तपासणीच्या वेळी तीन गोष्टी लागतात: मागणाऱ्याचं लेबल, वस्तूचं लेबल आणि वस्तूचा प्रकार. या तिघांवरून परवानगी आहे की नाही ते लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, सांगतं. पहिल्या रूपात दर वेळी कर्नलला विचारावं लागे, आणि खरा खर्च त्यातच होता. २०१२ च्या ९.२ मध्ये त्यावर कॅशे आला.

त्या कॅशेत वस्तूचं लेबल ठेवलेलं नाही. ते आजही दर वेळी कॅटलॉगच्या इंडेक्सवरून वाचलं जातं. ठेवलाय तो निर्णय: अमुक लेबलवाला, तमुक लेबलाची वस्तू, अमुक प्रकार, तर काय काय करू शकतो. कॅशेला ५१२ कप्पे आहेत, नोंदी ३८४ च्या वर गेल्या की बराच वेळ न वापरलेल्या थोड्या थोड्या काढल्या जातात.

कापूस खरेदी केंद्रावर काय होतं ते आठवा. ग्रेडर गाडीतला कापूस हातात घेऊन प्रत ठरवतो, आणि प्रतीला काय भाव ते फळ्यावर लिहिलेलं असतं. गाड्या शेकडो, प्रती मोजक्या. फळा पाठ असला की दर गाडीला ऑफिसात विचारायला जावं लागत नाही. पण गाडीची प्रत मात्र गाडी पाहूनच ठरते. भाव बदलला तर फळा पुसायचा. एखाद्या गाडीत खाली ओला माल सापडला तर त्या गाडीची प्रत बदलायची, फळ्याला हात लावायचा नाही. तुमच्याकडे रुग्णाची नोंद ही गाडी, लेबल ही प्रत आणि परवानगी हा भाव. तुम्ही जे म्हणता, "सगळी लेबलं मेमरीत", ते म्हणजे प्रत्येक गाडीची प्रत पाठ करून ठेवणं. ते मोठं होतं, रोज बदलतं, आणि चुकलं तर कुठे चुकलं ते सापडत नाही. फळा पाठ करा. पाच लेबलं आणि सात-आठ प्रकारचे कर्मचारी. सगळा मिळून चाळीस खान्यांचा तक्ता.

पोस्टग्रेसकडे स्वतःच्या कॅटलॉगांसाठी एक अंतर्गत कॅशे असतो, मग लेबलांचा कॅटलॉग त्यात का नाही, हा प्रश्न रास्त आहे. तो कॅशे प्रत्येक बॅकएंडचा (एकेका जोडणीमागच्या प्रोसेसचा) वेगळा असतो आणि त्याच्या आकाराला मर्यादा नाही. लेबल कॉलमागणिक असू शकतं, आणि ते लांब मजकुराचं असतं. हजारो कॉलम गुणिले शंभर जोडण्या धरा, तर मेमरी कुठे जाईल? त्यापेक्षा शेअर्ड बफरमध्ये (सगळ्या जोडण्यांच्या सामाईक मेमरीत) आधीच असलेल्या इंडेक्सच्या पानावरून एकदा वाचणं स्वस्त पडतं. कॅशे घालायचा नाही हासुद्धा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो.

सेपजीएसक्यूएलमधली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. नियम बदलले हे त्याला कळतं कसं? कर्नल एक छोटं पान मेमरीत उघडं ठेवतं, त्यात एक चढता क्रमांक असतो. एसईलिनक्सचं धोरण नव्याने भरलं की क्रमांक पुढे जातो. प्रत्येक बॅकएंड ते पान नुसतं वाचतं. ना सिस्टीम कॉल, ना वाट पाहणं. क्रमांक बदललेला दिसला की सगळा कॅशे एका झटक्यात रिकामा. निवडून काढत बसणं नाही. आणि तपासणी झाल्या*नंतर* क्रमांक पुन्हा पाहिला जातो. मधल्या वेळात बदलला असेल तर काढलेला निर्णय टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून. हा शेवटचा फेरा लोक विसरतात.

तरीही तुम्ही सेपजीएसक्यूएल लावू नका. त्यात नोंदनिहाय नियंत्रण नाही, टेबल, कॉलम आणि फंक्शनपर्यंतच ते जातं. तुमचा सगळा मामला नोंदीचा आहे. शिवाय मागणाऱ्याचं लेबल ते जोडणीच्या पलीकडच्या प्रोसेसवरून घेतं. तुमच्याकडे पलीकडे कायम एकच वेब ॲप्लिकेशन. सिस्टर, डॉक्टर, रिसेप्शन सगळे त्याच एका लेबलाचे दिसणार. सत्रात लेबल बदलायची सोय आहे, पण तिला एसईलिनक्सचं धोरण स्वतः लिहावं लागतं, आणि तुमच्यानंतर तिथे येणाऱ्या माणसाला ते सांभाळता आलं पाहिजे. संस्थेच्या रुग्णालयात असा माणूस टिकत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

तुमच्यासाठी पोस्टग्रेसची स्वतःची नोंदनिहाय सुरक्षा पुरेशी आहे, ती ९.५ पासून आहे. करायचं असं. लेबलांचं लहान टेबल, प्रत्येकाला क्रमांक. रुग्णनोंदीत मजकुराऐवजी तो क्रमांक. धोरणात अट एवढीच, की नोंदीचा लेबल क्रमांक परवानगीच्या यादीत आहे का. आणि ही यादी देणारं फंक्शन सरळ अटीत न लिहिता सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) गुंडाळायचं, जिचा नोंदीच्या कोणत्याही कॉलमशी संबंध नाही. मग प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) ती सबक्वेरी सुरुवातीलाच एकदा चालेल अशी मांडतो. एक्स्प्लेनमध्ये 'इनिटप्लॅन' असं दिसेल आणि लूप १ दिसेल. आज तिथे काय आहे ते पाहा: फंक्शन फिल्टरच्या ओळीत असेल आणि टेबलात ४०,००० नोंदी असल्या तर ४०,००० वेळा चालत असेल. बहुतेक ठिकाणी एवढ्या एका बदलाने तक्रार मिटते. हाही कॅशेच आहे, फक्त त्याचं आयुष्य एका क्वेरीपुरतं. त्यामुळे तो शिळा होण्याचा प्रश्नच येत नाही.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला: फंक्शनवर 'स्टेबल' लिहिलं की उत्तर लक्षात राहतं असा समज. तसं काही नाही. स्टेबल म्हणजे एका क्वेरीत उत्तर बदलणार नाही असं तुम्ही दिलेलं वचन. प्लॅनरने त्याचा फायदा घ्यावा की नाही ही त्याची मर्जी. दुसरा खड्डा जिवावर बेतणारा. काहीजण वेग वाढतो म्हणून परवानगीच्या फंक्शनवर 'इम्म्युटेबल' (उत्तर कधीच बदलत नाही) असं लिहितात. वेग खरंच वाढतो, कारण प्लॅन बनतानाच उत्तर काढून ते स्थिर आकड्यासारखं प्लॅनमध्ये चिकटवलं जातं. प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा (एकदा तयार करून पुन्हा पुन्हा चालवायच्या क्वेरीचा) प्लॅन पुढे टिकतो. डेटाबेसचा रोल बदलला तर पोस्टग्रेस असा प्लॅन नव्याने बनवतं, पण तुम्ही वापरकर्ता कोण ते स्वतःच्या सेटिंगमध्ये ठेवत असाल, आणि वेब ॲप्लिकेशनवाले तसंच करतात, तर ती सेटिंग बदलल्याचं प्लॅनला कळत नाही. डॉक्टरसाठी काढलेलं उत्तर रिसेप्शनला लागू. चाचणीत हे दिसणारही नाही, कारण चाचणी तुम्ही एकट्याने घेता.

सेटिंगचा विषय निघालाच आहे तर: पीजीबाउन्सर (मोजक्या जोडण्या अनेकांना वाटून देणारा मधला प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर वापरकर्त्याची ओळख फक्त त्या ट्रान्झॅक्शनपुरतीच (एकदमच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या कामापुरतीच) मांडा, 'सेट लोकल' वापरून. नुसतं 'सेट' केलं तर ते जोडणीला चिकटून राहतं आणि पुढच्याला वारशात मिळतं.

एवढं करूनही ॲप्लिकेशनच्या मेमरीत तो चाळीस खान्यांचा तक्ता ठेवायचा असेल, पडद्यावर कोणती बटणं दाखवायची वगैरेसाठी, तर खुशाल ठेवा. पण क्रमांकासकट. एक एका ओळीचं टेबल करा, त्यात आवृत्ती क्रमांक. लेबलं किंवा परवानग्या बदलणारी प्रत्येक ट्रान्झॅक्शन त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये हा क्रमांक एकने वाढवेल; ट्रिगरने (बदल होताच आपोआप चालणाऱ्या कोडने) करा, माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नका. वाचणारा दर विनंतीच्या सुरुवातीला क्रमांक पाहील. आपल्याकडचा आणि हा सारखा असेल तर तक्ता वापरायचा, नाहीतर टाकून नवा भरायचा.

हा क्रमांक सिक्वेन्सने (पोस्टग्रेसच्या आपोआप चढत्या काउंटरने) काढायचा मोह होईल. करू नका. सिक्वेन्स ट्रान्झॅक्शन पाळत नाही. समजा सकाळी एका रुग्णाच्या डॉक्टरांनी परवानगी बदलली, क्रमांक ७१ झाला, पण बदल कमिट, म्हणजे पक्का, व्हायचा आहे. तेवढ्यात दुसरी विनंती आली. तिला ७१ दिसला, तिने तक्ता नव्याने भरला. पण बदल अजून कमिट नसल्यामुळे भरला तो जुनाच तक्ता, आणि त्यावर चिठ्ठी लागली ७१ ची. मग बदल कमिट झाला. आता क्रमांक जुळतोय, तक्ता जुना आहे, आणि पुढचा बदल होईपर्यंत कोणालाच पत्ता लागणार नाही. साध्या टेबलातल्या ओळीत हे होत नाही, कारण ओळ आणि बदल एकदमच दिसू लागतात.

साध्या ओळीतही भरण्याचा क्रम पाळा: आधी क्रमांक वाचा, मग तक्ता. मध्येच कोणी बदल कमिट केला तर नवा तक्ता आणि जुना क्रमांक अशी जोडी बनेल; पुढच्या वेळी क्रमांक जुळणार नाही, एकदा उगाच भराल, बस्स. उलटा क्रम लावला तर जुना तक्ता आणि नवा क्रमांक, म्हणजे वरचाच घोळ. दोन ओळींची अदलाबदल, पण एका बाजूला थोडा वेळ वाया आणि दुसऱ्या बाजूला गळती.

लिसन-नोटिफाय (जोडलेल्यांना निरोप द्यायची पोस्टग्रेसची सोय) वापरून कळवलं तर? ते कमिटनंतरच पोचतं, ते चांगलं आहे. पण त्या क्षणी ऐकणारा जोडलेला नसेल तर निरोप गेलाच, पोस्टग्रेस तो जपून ठेवत नाही. आपल्याकडे लाईन जाते, यूपीएस दमतो, नेटवर्क तुटतं. नोटिफाय हवं तर घाईचं स्मरण म्हणून ठेवा, भिस्त क्रमांकावर.

'लेबल नाही' हेही उत्तर असतं, आणि तेही कॅशेत जाऊन बसतं. नवी नोंद झाली, लेबल लावायचं आहे, तेवढ्यात कोणी पाहिलं, तर "लेबल नाही म्हणजे साधारण" असं धरू नका. लेबल नसलेली नोंद नोंदणाऱ्याला आणि डॉक्टरला सोडून कोणालाच दिसू नये. त्याहून बरं म्हणजे कॉलमवर 'नॉट नल' (रिकामं चालणार नाही) लावा आणि प्रश्नच मिटवा.

आता टॅबलेट, आणि मला खरी काळजी याचीच आहे. सर्व्हरवरचा कॅशे मिलिसेकंदात रिकामा करता येतो. सिस्टरांच्या पिशवीतला टॅबलेट पावसाळ्यात दिवसेंदिवस नेटवर्कच्या बाहेर असतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, तिथे आवृत्ती क्रमांक कोण विचारणार? म्हणजे टॅबलेटवर जे ठेवाल ते 'काढता न येणारा कॅशे' समजूनच ठेवा. त्यावर मुदत घाला: अमुक तारखेपर्यंत सर्व्हरशी बोलणं झालं नाही तर नोंद उघडणार नाही. मुदत लेबलानुसार वेगळी. साधारण नोंदींना लांब, क्षयरोगाच्या उपचाराची नोंद मध्यम, कारण सिस्टरांना डोस पाहावे लागतात. एचआयव्ही आणि मानसिक आरोग्याच्या नोंदी टॅबलेटवर पाठवूच नका. कूटबद्ध करून पाठवू, असं कोणी म्हणेल; ज्या टॅबलेटवर त्या उघडतात त्याच टॅबलेटवर किल्लीही असते.

सिकलसेलचं मात्र मुदत संपली की कुलूप, असं करून भागत नाही. 'एसएस' (प्रत्यक्ष सिकलसेल आजार असलेला) रुग्ण रात्री असह्य वेदना घेऊन उपकेंद्रावर आला आणि टॅबलेट म्हणतोय मुदत संपली, तर तुमची सुरक्षा त्याच्या जिवावर उठली. इथे तोडून उघडायची सोय हवी: सिस्टरांनी कारण लिहायचं, नोंद उघडायची, आणि कोणी, कधी, कोणाची उघडली हे टॅबलेटवर पुसता न येणाऱ्या यादीत जायचं. नेटवर्क आलं की ती यादी सर्वात आधी वर चढली पाहिजे, बाकी सिंक नंतर. ती यादी वाचणारं माणूस ठरवून ठेवा, नाहीतर तोडून उघडणं हीच रोजची पद्धत होऊन बसते. आणि पाहायला जे लागतं तेवढंच उघडू द्या. वेदनेच्या रात्री 'एसएस' आहे की नाही आणि औषधांची ॲलर्जी, एवढं पुरतं. कुटुंबात आणखी कोण वाहक आहे हे त्या वेळी कोणालाच लागत नाही.

टॅबलेटच्या घड्याळावर मुदत मोजू नका, तारीख मागे सरकवणं पोरांनाही येतं. शेवटच्या सिंकला सर्व्हरने दिलेली वेळ धरा, आणि घड्याळ त्याच्याही मागे गेलेलं दिसलं तर मुदत संपली असं समजा.

सगळं झाल्यावर चाचणी अशी घ्या. पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसला थेट आज्ञा द्यायच्या साधनाच्या) दोन खिडक्या उघडा. पहिलीत ट्रान्झॅक्शन सुरू करून रिसेप्शनची सिकलसेलची परवानगी काढा, कमिट करू नका. दुसरीत रिसेप्शनच्या रोलने यादी काढा: नोंदी अजून दिसायला हव्यात. पहिलीत रोलबॅक करा (बदल रद्द करा), दुसरीत पुन्हा पाहा: अजूनही दिसायला हव्यात, आणि ॲप्लिकेशनच्या तक्त्यातही परवानगी जशीच्या तशी हवी. मग खरोखर कमिट करा: दुसरीत लगेच गायब झाल्या पाहिजेत, ॲप्लिकेशनमध्ये पुढच्याच विनंतीला. हीच फेरी ॲप्लिकेशन मुद्दाम नेटवर्कपासून तोडून, मधल्या काळात बदल करून, परत जोडून घ्या. आणि एकदा पीजीबाउन्सरमध्ये फक्त एकच जोडणी ठेवून डॉक्टर आणि रिसेप्शन आळीपाळीने चालवा. ओळख चिकटून राहत असेल तर ती तिथेच पकडली जाईल. एक्स्प्लेनचं आउटपुट हाताशी असलं तर पाठवा, रुग्णांची नावं काढून.